दोष ब्रेकचा की आणखी कशाचा?

(मालट्रकचालक व फिटर यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने तुमच्यासारख्या जाणकारांपुढे जुन्या डिझेल ट्रकच्या ब्रेक आणि गिअरबॉक्सविषयी बोलावे, हे धारिष्ट्यच होय. परंतु माझे थोरले बंधू आयुष्यभर ट्रक चालवीत होते आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांचा बिनपगारी क्लीनर होतो. त्या अधिकाराने चार शब्द बोलतो.

१९८४ च्या मे महिन्यात बंधू कऱ्हाडहून साखरेची पोती भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरत होते. गाडी मालकाने जुनी विकत घेतलेली. तिचा तिसरा गिअर सुटत असे. चढावर तो नीट राही. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येई. मालकाला दोनदा सांगून झाले होते. ‘ही फेरी होऊ द्या, मग गिअरबॉक्स खोलू,’ हे त्याचे उत्तर. तोवरचा उपाय म्हणून लिव्हरला जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलेली होती. घाटाच्या मध्यावर ती तुटली. गिअर सुटला, वेग वाढला, पुन्हा गिअर पडेना. तीन वळणे ब्रेकने साथ दिली. चौथ्या वळणावर लायनरचा जळका वास आला आणि पाय तळापर्यंत दाबूनही गाडी आवरेना. बंधूंनी ती डोंगराच्या अंगाला घातली. क्लीनर सतरा वर्षांचा होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली तेव्हा ब्रेक उत्तम लागत होता. अहवालात आले : ब्रेक सुस्थितीत, चालकाचा निष्काळजीपणा. वर्तमानपत्राने छापले : ब्रेक निकामी झाल्याने अपघात. दोन्ही विधाने चुकीची होती. तपासणाऱ्याने थंड ड्रम तपासला. आदल्या दिवशी प्रश्न तापलेल्या ड्रमचा होता. आणि ड्रम तापण्याचे मूळ गिअरबॉक्समध्ये होते, तिकडे कोणी पाहिलेच नाही.

हिशेब साधा आहे. १६ टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १३ युनिट विजेइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एक किलोवॅटची शेगडी तेरा तास पेटती ठेवावी, तेवढी ही उष्णता. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये मात्र तो सारा भार पंधरा-वीस मिनिटांत चार ड्रमांवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर जातो. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. हवेचा काटा पूर्ण दाब दाखवीत असतो, तरी गाडी थांबत नाही. ड्रम थंड झाला की पुरावाही नाहीसा होतो.

म्हणून निदान करताना ब्रेक आणि गिअर वेगळे काढू नयेत. गाडी सपाटीवर घ्या, चाकांना उटी लावा, टाकी हवेने भरा आणि इंजिन बंद करून काट्याकडे पाहा. पाय न लावता काटा उतरला, तर गळती टाकीत किंवा तिच्या नळ्यांत. ब्रेक दाबून धरल्यावरच उतरला, तर ब्रेक चेंबरचा पडदा किंवा पुढची नळी पाहावी. साबणाचे पाणी जागा दाखवून देते. गाडी उजवीकडे ओढत असेल तर पुष्कळदा दोष डाव्या चाकाचा असतो : तिथल्या लायनरवर हबचे ग्रीस उतरलेले असते आणि उजवे चाक एकटेच काम करीत असते. फेरीनंतर ड्रमजवळ हात धरून पाहावा. जो गार, तो कामचुकार. स्लॅक ॲडजस्टर हाताने आवळायचा असेल, तर तो घाटाच्या माथ्यावर आवळलेला हवा, पायथ्याशी नव्हे.

गिअरबॉक्सही बोलतो. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर बेअरिंग गिअरबॉक्सच्या आतले. क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. सगळेच गिअर कुरकुरत पडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. एकच कुरकुरतो, तर त्याच गिअरचा सिंक्रो झिजला. आणि उतारावर गिअर सुटतो, तर दात किंवा पकडीची स्प्रिंग गेली. या शेवटच्या दोषाची तक्रार ब्रेकची तक्रार समजूनच घेतली पाहिजे.

काही जण डिझेल वाचविण्यासाठी आपण होऊन न्यूट्रलमध्ये घाट उतरतात. ही बचत खोटी आहे. गिअरमध्ये पाय काढला की गव्हर्नर पंपाचे डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो आणि ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकी रिकामी होत जाते.

आता माझ्या विषयाकडे येतो. मालकाला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण त्या मालकाकडे एकच गाडी होती आणि तिच्यावर कर्ज होते. गिअरबॉक्स उतरविला की दोन-तीन दिवसांचे भाडे बुडते. हप्ता मात्र थांबत नाही. दुरुस्तीचा खर्च त्याच्या वहीत दिसतो. दुरुस्ती न करण्याचा खर्च कोणाच्याच वहीत दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या पायातून वसूल होतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण तपासणीला गाडी बहुधा रिकामी आणि थंड नेली जाते. भरल्या गाडीने उतारावर काय होते, हे केवळ तिच्या चालकाला ठाऊक असते. मग त्याचे ज्ञान नोंदलेच जात नसेल, तर त्या प्रमाणपत्राला अर्थ किती?

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. प्रत्येक गाडीत एक वही ठेवा. तारीख, कोणता दोष, चढावर की उतारावर, गाडी भरलेली की रिकामी, हे लिहा आणि मालकाची सही घ्या. सही मिळाली नाही तर तेही लिहा. आणि गिअर सुटणारी गाडी भरून घाटात न नेण्याचा हक्क एकेकट्याने नव्हे, संघटनेने मागा. एकटा चालक नकार देतो तेव्हा दुसरा चालक बसविला जातो.

बंधूंनी मालकाला दोनदा सांगितले होते. कागदावर मात्र एक ओळही नव्हती. त्यामुळे दोष त्यांच्या माथी बसला, परवाना सहा महिने गेला. त्या मुलाच्या भरपाईच्या दाव्यातही मालकाला गिअरचा दोष आधी ठाऊक होता, हे कधी सिद्ध करता आले नाही. तुम्ही त्या वहीची सुरुवात आज रात्री, गाडी उभी केल्यावर करावी, एवढीच माझी विनंती आहे.