दक्षिण समुद्रातील एक वस्तुसंग्रहालय
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. घरोघरची जुनी कागदपत्रे व वस्तू जतन कराव्यात, अशी चर्चा आपल्यांत अधूनमधून होत असते. त्या निमित्ताने पृथ्वीच्या एका टोकास असलेल्या वस्तुसंग्रहालयाची हकीकत सांगावी, असे आम्ही योजिले आहे. ते स्थळ आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले नाही. जे सांगतो ते वाचनावरून.

दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेस फॉकलंड बेटे आहेत. तेथून समुद्रमार्गे आणखी सुमारे १,४०० किलोमीटर गेले म्हणजे साउथ जॉर्जिया हे ब्रिटिश अमलाखालील बेट लागते. लांबी सुमारे १७० किलोमीटर, अर्ध्याहून अधिक भूमी हिमाच्छादित, आणि माउंट पॅजेट हे शिखर २,९०० मीटरांहून उंच. बेटावर विमान उतरण्याची सोय नाही. जावयाचे ते जहाजानेच. कायमची वस्तीही नाही. शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी आणि संग्रहालयाचे सेवक, एवढीच काय ती मनुष्यसंख्या.

अशा जागी संग्रहालय का व्हावे? १७७५ साली कॅप्टन कुक येथे उतरला. येथील सील प्राण्यांची वार्ता त्याच्या वृत्तान्तातून पसरताच शिकारी धावले, आणि मऊ कातड्याचे सील जवळजवळ नामशेष झाले. त्यानंतर पाळी आली देवमाशांची. १९०४ साली कार्ल अँटन लार्सन या नॉर्वेजियन कप्तानाने ग्रिटविकन येथे देवमाशांचे तेल काढण्याचा कारखाना उभारला. ग्रिटविकन म्हणजे कढयांची खाडी. पूर्वीच्या सील-शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या तेल उकळण्याच्या कढया तेथे आढळल्या, त्यावरून हे नाव पडले. पुढे बेटावर असे आणखी कारखाने निघाले. १९०४ ते १९६५ या अवधीत या बेटावर १,७५,२५० देवमासे कापले गेले. त्यांच्या तेलापासून साबण होई, लोण्याऐवजी खाण्याचे मार्गारीन होई, आणि पहिल्या महायुद्धात स्फोटकांस लागणारे ग्लिसरीनही होई. अखेर समुद्रात देवमासेच उरले नाहीत, तेव्हा कारखान्यांच्या चुली विझल्या.

कारखान्याच्या व्यवस्थापकासाठी १९१६ साली बांधलेल्या घरातच १९९२ साली हे संग्रहालय उघडले. नायजेल बॉनर या सीलतज्ज्ञाने त्याचा पाया घातला. पुढे टिम व पॉलीन कार हे दांपत्य आपल्या जुन्या शिडाच्या नौकेत राहून अनेक वर्षे त्याची निगा राखीत होते. आज हे काम साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्ट ही संस्था पाहते.

तेथील सेवकांचे जीवन ऋतूच्या तालावर चालते. आपल्याकडे दिवाळीचे दिवे लागतात त्या सुमारास तेथे वसंत सरत असतो. तेव्हा ही मोजकी माणसे जहाजाने येतात आणि मार्चच्या आसपास परततात. आल्यावर हिवाळ्याने बंद ठेवलेली दालने उघडावयाची, ओल लागलेल्या वस्तू पुसावयाच्या, प्रत्येकीची नोंद तपासावयाची. किनाऱ्यावर त्या वेळी हत्ती-सीलांचे कळप पहुडलेले असतात, आणि नाताळाच्या सुमारास मऊ कातड्याच्या सीलांची पिले जागोजागी दिसतात. वाट काढताना माणसालाच बाजूस व्हावे लागते. प्रवासी जहाज आले की एकदम मोठा जमाव उतरतो. बूट व कपडे झाडून, परके बीज बेटावर येणार नाही अशी खात्री केल्यावरच पाहुण्यांस पाऊल ठेवता येते. मग त्यांना गंजलेल्या यंत्रांमधून फिरवावयाचे, प्रश्नांस उत्तरे द्यावयाची, दुकान सांभाळावयाचे. जहाज निघून गेले की पुन्हा वारा, सीलांचे ओरडणे आणि नोंदवही. ताजी भाजी दुर्मिळ. घरचे क्षेमकुशल हजारो मैलांवर.

जवळच्या स्मशानभूमीत धाडसी संशोधक सर अर्नेस्ट शॅकल्टन १९२२ पासून चिरविश्रांती घेत आहेत. १९१६ साली, जहाज बर्फात चिरडले गेल्यावर, एका लहान नावेतून हा समुद्र ओलांडून आणि बेटाचे पर्वत पायी पार करून त्यांनी मदत मागितली, ती या बेटावरील देवमासे-शिकाऱ्यांकडेच. त्यांच्या शेजारी कारखान्याचे साधे मजूरही विसावले आहेत.

आम्हांस जे विशेष वाटते ते हे: या संग्रहालयात मजुरांचे कौशल्य, त्यांचे कष्ट, त्यांची १९१३ साली उभारलेली प्रार्थनागृहाची वास्तू, हे सर्व आदराने दाखविले जाते, परंतु १,७५,२५० हा आकडाही झाकून ठेवला जात नाही. बापाच्या हाताची करामत आणि त्या हाताने झालेला संहार, दोन्ही एकाच छताखाली आहेत. जे सत्य अवघड आहे ते वगळले असते, तर नातवंडांस फुशारकी मिळाली असती, शिकवण मिळाली नसती.

शिकवणीचे फळही दिसू लागले आहे. जहाजांतून आलेल्या उंदरांनी पक्ष्यांची घरटी उद्ध्वस्त केली होती; अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१८ साली बेट उंदीरमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मऊ कातड्याचे सील पुन्हा लक्षावधी झाले. २०२०च्या पाहणीत पन्नासहून अधिक निळे देवमासे दिसले. मात्र २०२३ साली पक्ष्यांतील साथीचा रोग तेथेही पोहोचला आणि हत्ती-सीलांवर मोठा घाला पडला. राखण ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे, हेच यावरून दिसते.

बंधुभगिनींनो, आपल्या माळ्यावरील पेट्यांतही जमाखर्चाच्या वह्या आहेत, हत्यारे आहेत, पत्रे आहेत. त्यांत पूर्वजांचे गुण आहेत, तसेच त्यांनी कोणावर केलेले अन्यायही असतील. आपल्या घरातील पेटी उघडाल, तेव्हा अभिमानास्पद तेवढे ठेवून बाकीचे अग्नीस अर्पण करू नका. सारे ठेवा, नोंदवा आणि मुलांपुढे मांडा. आपल्या गावात थंडीने गारठणारे हात नाहीत, की हजारो मैलांचा समुद्र नाही. वाट आहे ती फक्त घराच्या माळ्याची.