टायर कोणी निवडावा?



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकले असेल, राज्यघटनेवर ऐकले असेल, ग्रहताऱ्यांवरही ऐकले असेल. आज मोटारीच्या टायरवर ऐकायची पाळी आपणांवर आली आहे. चिटणीसांना आम्ही विषय कळवला, तेव्हा मोर्चातल्या पेटत्या टायरबद्दल आम्ही बोलणार असा त्यांचा समज झाला. कामगार चळवळीतल्या माणसाचा आणि टायरचा दुसरा काय संबंध असणार! परंतु आम्ही टायर जाळण्याबद्दल बोलणार नाही, टायर गाडीला घालण्याबद्दल बोलणार आहोत. विषय साधा आहे आणि त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत.

हा विषय आमच्याकडे एका तक्रारीच्या रूपाने आला. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या संघटनेतला एक ड्रायव्हर भाड्याची मोटार घेऊन पाचगणीहून वाईकडे उतरत होता. पाऊस लागलेला, पसरणी घाटातले एक वळण, आणि गाडीचा मागचा भाग एकाएकी बाहेर सरकला. गाडी गरकन फिरून कठड्यावर आदळली. दैव बलवत्तर म्हणून कोणी दगावले नाही. ड्रायव्हरच्या खांद्याचे हाड मोडले, एका प्रवाशाच्या कपाळाला टाके पडले. मालक म्हणाले, "गाडी तुझ्या हातात होती, भरपाई तुझ्या पगारातून." आम्ही रदबदली करायला गेलो. गाडी पाहिली. पुढचे दोन टायर कोरे करकरीत, चाकांच्या डिस्क चकचकीत, नव्या. मागचे दोन टायर मात्र पार गोटा झालेले. मालक म्हणाले, "स्टिअरिंग पुढच्या चाकांना, म्हणून नवे टायर पुढे घातले. यात माझे काय चुकले?"

आणि मंडळी, आम्ही गप्प बसलो. कारण आमचाही तोच समज होता. बोलाचाली होऊन अर्ध्या रकमेवर तडजोड झाली. तो गडी पुढे हा धंदाच सोडून गेला. नंतर एका जुन्या टायरवाल्याने पंक्चर काढता काढता आम्हांला सांगितले, "साहेब, दोनच नवे घ्यायचे असले तर ते मागे घालावेत." पुढची चाके घसरली तर गाडी सरळ रेटत जाते, पाय काढला की बहुधा पकड परत येते. मागची चाके घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. टायर बनवणारे कारखानेही हाच सल्ला देतात. आम्हांला ते ठाऊक असते तर त्या गड्याची बाजू पुरती मांडता आली असती. पगाराचे आणि बोनसचे हिशेब आम्हांला तोंडपाठ होते. ज्या चार टायरांवर आमचा माणूस बसतो त्यांचे ज्ञान शून्य होते. त्या दिवसापासून आम्ही टायरच्या कडेवरची अक्षरे वाचायला शिकू लागलो. आमचे गुरू म्हणजे ड्रायव्हर आणि टायरवाले.

आपल्यांपैकी पुष्कळांची मुले आज जर्मनीत, कॅनडात आहेत. ती सांगत असतील की तिकडे हिवाळा आला की मोटारीचे टायर बदलतात. थंडी सुमारे ७ अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचे रबर कडक होते आणि पकड सोडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्यावर बर्फ धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा असतात. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर असे टायर नसतील तर दंड होतो. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. असले टायर आपल्याकडे घालू नयेत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते, पण तेवढ्यासाठी ते घेतले तर आपल्या उन्हात ते मऊ रबर भराभर झिजून जाईल.

परंतु तिकडच्या लोकांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपला रस्ता कोणता आणि ऋतू कोणता हे पाहून ते टायर ठरवतात. आपल्याकडे बर्फ नाही. मग आपला कठीण ऋतू कोणता? आमच्या मते सातारा-सांगलीला असे दोन ऋतू आहेत.

पहिला पावसाळा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैत तर एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला. आपल्याच माण, आटपाडी, जत या भागांत साऱ्या वर्षातही पुष्कळदा इतका पाऊस पडत नाही. सकाळी दहिवडीच्या कोरड्या रस्त्यावर धावलेली गाडी दुपारी पसरणीत किंवा आंबेनळीत पाण्यातून चालते. टायर मात्र तेच. मृगाच्या पहिल्या सरीला तर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचे बुळबुळीत रबडे होते.

दुसरा ऋतू उसाचा हंगाम, म्हणजे आपला खरा हिवाळा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात. काळ्या रानातून दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांना चिकटलेली माती रस्त्यावर सोडत जातात. त्यावर उसाचा पाला पडतो. पहाटे कृष्णाकाठी धुके उतरते, दव पडते, आणि पलूस, तासगाव, रेठरे या बाजूचा सरळ सपाट रस्ता साबणासारखा होतो. ओळखीचा रस्ता म्हणून माणूस तिथे बेसावध असतो. शिवाय ट्रॉलीला पुष्कळदा ट्रकवरून उतरवलेले टायर, आणि मागे लाल दिवा नाही! तेव्हा बर्फाची चेष्टा करू नये. आपला चिखल त्याचाच भाऊ आहे.

आता टायर निवडायचा कसा? मोटारीचा एकेक टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेवर. चार तळहातांवर सारे कुटुंब चाललेले असते. त्या तळहातावरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्यास कायद्याने टायर बाद. खाचेच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. परंतु आमचे म्हणणे असे की घाटात आणि पावसात कायद्याच्या काठावर जाऊन उभे राहू नये. ३ मिलिमीटरलाच टायर उतरवावा.

दुसरी गोष्ट हवा. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. रेतीत किंवा शेतातल्या चिखलात ते खरे आहे. पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावर त्याच्या अगदी उलटे घडते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या विमानसंशोधकांनी यावर प्रयोग करून एक ठोकताळा बसवला. खाचा गेलेला टायर साचलेल्या पाण्यावर होडीसारखा तरंगू लागतो, तो वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. हवा ३३ असली तर तो वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो. हवा २२ असली तर ७८ वरच गाडी तरंगू लागते. मोटारीचा टायर याहूनही कमी वेगात तरंगू शकतो. आणि तरंगणाऱ्या गाडीला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. कराड ते साताऱ्याच्या महामार्गावर ही गती कोण ठेवत नाही? म्हणून दाराच्या चौकटीवर गाडीच्या कारखान्याने लिहिलेली हवा, टायर थंड असताना, भरावी.

तिसरे टायरचे वय. कडेवर चार आकडे असतात. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, चिरते. दुकानात धूळ खात पडलेला जुना टायर सवलतीत मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. स्टेपनीचे वयही पाहावे. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या सरकारने नव्या रचनेच्या टायरांना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची कसोटी लावली आहे. तेव्हा दुकानदाराला "किती किलोमीटर चालेल?" असे विचारण्याआधी "ओल्यात कसा धरतो?" असे विचारावे. जो रबर फार टिकतो तो फार धरतोच असे नाही.

चौथे, माप आणि चाक. १८५/६५ आर १५ याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि आतले चाक १५ इंची. पुढचा ८८ हा आकडा ओझ्याचा. त्या टायरने ५६० किलो पेलावे असा त्याचा अर्थ. तरुण मंडळी हल्ली मोठी चकचकीत चाके आणि वर पातळ टायर घालतात. दिसायला गाडी ऐटदार होते. परंतु पातळ टायरला खड्डा सोसत नाही, धक्का थेट चाकाला बसतो. लोखंडी डिस्क वाकते आणि ठोकून सरळ होते. मिश्रधातूचे चाक तडकू शकते, आणि ती तीड सहसा नजरेस येत नाही. ज्याला रोज घाट आणि खड्डे आहेत त्याने कारखान्याने दिलेले माप सोडू नये, आणि उंच कडेचा टायर आणि लोखंडी डिस्क यांना कमी लेखू नये. चाकावर घालायचे पैसे आधी टायरवर घालावेत. पसरणीतल्या त्या गाडीच्या डिस्क पुसून घ्याव्यात इतक्या लखलखीत होत्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टायर निवडायचा कोणी?

आपल्या भाषेत टायरला जुना शब्द आहे, धाव. लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवी आणि पाणी ओतून ती आवळी. धाव ढिली झाली की खडखडाटावरून गाडीवानाला कळे, कारण बहुधा गाडी त्याची, बैल त्याचे आणि जीवही त्याचाच. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गृहस्थांनी हवेचा टायर केला. हे गृहस्थ गुरांचे डॉक्टर होते. त्यांचे नाव पुढे आपल्या बैलगाडीलाच चिकटले. टायरच्या गाडीला आपण डनलॉपची गाडी म्हणू लागलो. टायरमुळे ओढ हलकी झाली. बैलाला सुख झाले का? नाही, ओढ हलकी झाली म्हणून उसाचे ओझे वाढवले. शोधाचा फायदा कोणाकडे जातो, हे त्या बैलाला विचारावे.

मोटार आली आणि गाडीवानाचे दोन भाग झाले. एक मालक, तो टायर विकत घेतो. दुसरा ड्रायव्हर, तो टायरवर बसतो. निवड एकाची, घसरणे दुसऱ्याचे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाचे तास ठरवून दिले, ही मोठी गोष्ट झाली. परंतु गोटा टायरवर गाडी काढायला नकार दिला तर त्या दिवसाच्या पगाराचे काय, हे आजही मालकाच्या मर्जीवर असते. आम्ही सर्वच मालकांना खलनायक ठरवत नाही. एका गाडीचा मालक हप्त्यांनी वाकलेला असतो. चार टायर एकदम घेणे त्याला जड जाते. पण हप्ता बँकेचा आणि हाड ड्रायव्हरचे, असा सौदा आम्हांला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, वर्षातून दोनदा टायर मोजून खोली वहीत लिहावी, आणि खाली मालक आणि ड्रायव्हर दोघांनी सही करावी. १ मे रोजी झेंडावंदन झाल्यावर, म्हणजे पावसाच्या आधी. आणि खंडेनवमीला, म्हणजे उसाच्या हंगामाआधी. नाहीतरी त्या दिवशी आपण गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. लिंबू ठेवायला वाकलोच आहोत तर खाचही पाहावी! दुसरी, खोली ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर घाटात गाडी न काढण्याचा हक्क ड्रायव्हरला असावा आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. तिसरी मागणी आपल्याकडे आहे. आपण लग्नाला, देवाला, सहलीला गाडी ठरवता. भाड्यात दोनशे रुपयांची घासाघीस करता. बसण्यापूर्वी एकदा मागचे टायर पाहा. आपण पाहता हे कळले की मालकही पाहू लागतील. वडाप जीपच्या पायरीवर लोंबकळणाऱ्यालाही आमचे हेच सांगणे आहे.

वैशाख सरत आला आहे. थोड्याच दिवसांत मृग लागेल. आमच्या खिशात खाच मोजायची ही लहानशी पट्टी आहे. फार पैसे पडत नाहीत. सभागृहाबाहेर आपल्या गाड्या उभ्या आहेत. व्याख्यान संपल्यावर आम्ही दाराशी थांबू. ज्यांना आपले टायर मोजून पाहायचे असतील त्यांनी यावे, आणि ज्यांनी ड्रायव्हर ठेवला आहे त्यांनी त्यालाही हाक मारावी. मोजताना तो शेजारी असावा.