पायथॉनचा जुना कप्पा आणि निपाणीचे नाव



निपाणीच्या बाजारपेठेतून चक्कर मारली की एकच गाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत वाचायला मिळते. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या संगणकातही अशी नावे साठवावी लागतात. त्या साठवणीशी संबंध असलेला एक बदल २ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. पायथॉन या संगणकभाषेची ३.१२ ही आवृत्ती त्या दिवशी आली आणि तिच्या पोटातला ‘डब्ल्यूस्ट्र’ नावाचा जुना कप्पा कायमचा गेला.

मुळात हा कप्पा ठेवला कशासाठी? पूर्वी पायथॉनमध्ये सगळ्याच अक्षरांना एकसारखी जागा मिळे. कुठे दोन बाइट, तर कुठे चार. चार बाइटवाल्या संगणकावर साध्या इंग्रजी अक्षरालाही चार बाइट लागत. मार्टिन फॉन लोविस यांनी सुचवलेली नवी रचना २०१२मध्ये ३.३ आवृत्तीत आली. तिच्यात मजकूर पाहून माप ठरते: इंग्रजीला एक बाइट, देवनागरीला आणि कन्नडला दोन, इमोजीला चार. पण सी भाषेत लिहिलेल्या अनेक लायब्ररी मजकूर जुन्याच रूपात मागत होत्या. त्यांना एकदम वाऱ्यावर सोडणे बरे दिसले नसते. म्हणून जुन्या रूपाचा पत्ता आणि त्याची लांबी यांसाठी जागा राखून ठेवली गेली. बहुतेक वेळा ती रिकामीच पडून असे.

आता ‘निपाणी’ हाच शब्द घेऊ. न, ऱ्हस्व वेलांटी, प, काना, ण, दीर्घ वेलांटी. युनिकोडच्या हिशेबाने ही सहा चिन्हे, म्हणजे बारा बाइट. बाकीची जागा पायथॉनच्या स्वतःच्या नोंदींची. ६४ बिटच्या संगणकावर ३.११ आवृत्तीत हा शब्द ८६ बाइट घ्यायचा, ३.१२मध्ये ७० घेतो. रोमन लिपीतले सहा अक्षरी निपाणी ५५वरून ४७वर आले.

इंग्रजीचे आठ बाइट वाचले, देवनागरीचे सोळा! कन्नडचेही तितकेच. इंग्रजी मजकुरासाठी लांबीची वेगळी नोंद ठेवावीच लागत नव्हती. आपल्या लिप्यांना ती लागे. एका शब्दामागे सोळा बाइट म्हणजे काहीच नाही, पण दहा लाख वेगवेगळी नावे मेमरीत असली तर एक कोटी साठ लाख बाइट मोकळे होतात. सीमाभागातल्या दोन्ही लिप्यांना सारखाच लाभ देणारी ही सफाई मोलाची आहे.

ती घाईने झालेली नाही. जपानचे इनाडा नाओकी यांनी २०२०मध्ये कप्पा काढण्याचा रीतसर प्रस्ताव मांडला, ३.१० आवृत्तीपासून इशारे झळकू लागले आणि त्यानंतर हातोडा पडला. नवी रचना येऊन तोवर अकरा वर्षे झाली होती.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. त्याच्या महाविद्यालयांतून पायथॉन शिकणाऱ्या मुलांनी नव्या आवृत्तीत काय आले याइतकेच काय गेले हेही वाचावे. एखादी जुनी सी लायब्ररी ३.१२वर बांधताना अडली, तर ती हा कप्पा शोधत नाही ना, हे आधी तपासावे. जुन्या रूपातला मजकूर हवाच असेल, तर त्याची स्वतंत्र प्रत काढून देणारे फंक्शन पायथॉनमध्ये आजही आहे. मात्र काम झाल्यावर त्या प्रतीची मेमरी लायब्ररीनेच मोकळी करायची असते.