वाट जुनी, सीमा नवी

(कोरमंगला, बेंगळूरू इथे मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथून जवळच सेंट जॉन्स हॉस्पिटल आहे. त्याच्या फाटकापाशी थोडा वेळ उभे राहा, तमिळ, तेलुगू, बंगाली सगळे कानावर पडते. बरा डॉक्टर जिथे, तिथे माणूस जातो. मग सीमाभागातला गरीब माणूस पलीकडच्या राज्यात औषधाला गेला की त्यावर राजकारण का पेटते?

मी चंदगड तालुक्यातली. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यातच तसे लिहिले आहे. जिल्हा बदलला, रस्ता तोच राहिला. बेळगाव आम्हाला जवळ, कोल्हापूर त्याच्या दुपटीहून लांब. रात्री बाळंतीण अडली की जीप बेळगावकडेच वळते. निपाणीत उलटे आहे. तिथल्या लोकांना बेळगावपेक्षा कोल्हापूरचे सीपीआर जवळ पडते. मिरजेत डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ ला उभे राहिले, तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक ही राज्येच नव्हती. कन्नड मुलखातला रोगी मिरजेला येतो तो त्या जुन्या वाटेने येतो.

पण नुसते अंतर मोजून हा विषय संपत नाही. वस्तीवरच्या बायांशी बोलताना दुसरी एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा ऐकू आली. गावच्या उपकेंद्रात आपण कोण, कुठल्या वाड्यातले, हे नाव सांगायच्या आधीच सगळ्यांना माहीत असते. कुणी काही बोलत नाही. फक्त सुई टोचायला हात लांबून येतो, आणि नर्सबाई वस्तीत यायची ती रस्त्यावरूनच हाक मारून परत जाते. हे आमच्यापुरतेच आहे असे समजू नका. ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारलेले अस्पृश्यतेवरचे पुस्तक २००६ ला आले. त्यात जवळजवळ एक तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला नकार देतात असे आढळले. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात खिडकीवरचा माणूस तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. आमच्या बायांना ते न बघणेच बरे वाटते. आरोग्य खात्याच्या कुठल्या तक्त्यात हे कारण मांडलेले मी तरी पाहिलेले नाही.

आणि राहायचे कुठे? लॉज परवडत नाही. रोटीबेटीचे नाते सीमेच्या दोन्ही अंगांना आहे, म्हणून बेळगावातली मावशी किंवा नणंद हीच धर्मशाळा. जिचे पलीकडे कुणी नाही, ती बरेचदा जातच नाही.

तिकडे कोकणात बघा. बांदा, दोडामार्गातली पोरे रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला जातात, हॉटेलात, बांधकामावर, कारखान्यात. घरचे माणूस आजारी पडले की बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. २०१६ ला दोडामार्गात माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे तापाने फणफणत तिथेच पोचली. हा रोग १९५७ ला कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. त्याने कुठल्या राज्याचा दाखला दाखवला? १ जानेवारी २०१८ पासून मात्र गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले. दोडामार्गात आंदोलन झाले, मग महात्मा फुले योजनेतून सोय करण्याची बोलणी झाली. गोव्याची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. खाटा त्यांच्या, पैसा त्यांचा. पण काम करताना जो आपला असतो तो ताप आल्यावर परका होतो, एवढे लक्षात ठेवा. सिंधुदुर्गात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले ते २०२१ ला.

आता कागदाकडे येऊ. १९९० ला मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा ज्या त्या राज्यापुरता असतो. मुलगा आंध्रचा, अर्ज मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचा. जात माणसाबरोबर रेल्वेत बसते, दाखला मात्र स्टेशनवर उतरतो. पिवळ्या रेशनकार्डाचेही बरेचसे तसेच. आयुष्मान भारतमध्ये २०१८ पासून देशभर उपचाराची सोय आहे, पण यादीत नाव असेल तर.

२०२३ ला महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ गावांना लागू केली. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी विरोध केला. लाभ मिळणाऱ्या बाईला मी नको म्हणणार नाही. पण ही गावे निवडली गेली ती दाव्याच्या यादीवरून, आजाराच्या नाही. दाव्याबाहेरच्या गावातली कन्नड बोलणारी मादिग बाई आणि आमच्या वस्तीतली बाई यांचे दुखणे एकच, त्यांचा विचार यात कुठे आहे? बाबासाहेबांनी १९५५ च्या भाषावार राज्यांवरच्या पुस्तिकेत इशारा दिला होता की अशा राज्यात संख्येने मोठी जात सत्ता धरील आणि लहान समाज तिच्या मर्जीवर राहतील. सीमेवरच्या दवाखान्याच्या रांगेत ते स्पष्ट दिसते.

करता येत नाही असे नाही. युरोपीय संघाने २०११ ला नियम केला: शेजारच्या देशात उपचार घ्या, घरी जेवढा खर्च मिळाला असता तेवढा तुमची व्यवस्था परत देईल. तिथे स्वतंत्र देशांना जमते. आपल्याकडे मार्च २०२० ला कर्नाटकाने तलपाडीचा रस्ता अडवला, कासरगोडचे रुग्ण मंगळूरला पोचू शकले नाहीत, काही दगावले. केरळ उच्च न्यायालयाला रस्ता उघडण्याचा आदेश द्यावा लागला.

शेवटी एक काम सांगते. आपल्या घरांत पहिला पदवीधर झालेल्याला दवाखान्यात सोबत नेतात, कारण फॉर्म त्यालाच वाचता येतो. तुम्हालाही नेत असतील. पुढच्या वेळी खिडकीवर कुठला कागद मागितला, कुठला नाकारला, किती पैसे भरायला लावले, हे तारखेसकट वहीत लिहा आणि पावती टाकू नका. रुग्णाचे नाव नको, गाव आणि राज्य पुरे. मी अशा नोंदी जमवते आहे. चंदगड, निपाणी, दोडामार्ग, जत, कुठल्याही बाजूच्या चालतील.