फिर्याद लिहून घेतली जावी म्हणून



20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्थानकाच्या रुळांवर सकाळपासून सायंकाळपर्यंत जो जनसमुदाय उभा होता, त्याचा क्षोभ साऱ्या देशाने पाहिला. परंतु त्या क्षोभाचे मूळ ज्या दिरंगाईत होते, तिच्याविषयीच आज मला बोलावयाचे आहे. शाळेच्या आवारात, शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याने बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार घेऊन पालक पोलीस ठाण्यात गेले, आणि ती दाखल होण्यास त्यांना तासन्‌तास तिष्ठत बसावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी पोलिसांची दिरंगाई आणि शाळेचे मौन, या दोहोंवरही कठोर ताशेरे ओढले. पुढे 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना त्यांच्याच गोळीने मारला गेला. कित्येकांना ते समाधान वाटले. मला वाटत नाही, कारण पुराव्याची छाननी होऊन त्याच्याविरुद्ध निवाडा मिळण्याचा त्या मुलींचा हक्क त्या दिवशी संपला.

कायदा अपुरा आहे असे मात्र नव्हे. पोक्सो या नावाने ओळखला जाणारा 2012 चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगा असो वा मुलगी, लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो. अत्याचाराची माहिती असूनही जो ती पोलिसांना कळवीत नाही तो स्वतः शिक्षेस पात्र ठरतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने अशी कसूर केल्यास शिक्षा एक वर्षापर्यंतची आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, पोलिसाने गणवेश न घालता घ्यावयाचा असतो; रात्री त्याला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकमेकांस अशी खेटून वसली आहेत की "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर येथे फार सहज दिले जाऊ शकते. पण हद्द कोणतीही असो, गुन्हा प्रथम नोंदवून घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे आणि त्याची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे.

हे सारे ठाण्यात तिष्ठत बसलेल्या आईबापांना कोणी सांगावयाचे? पहाटेच्या लोकलने मुंबईस जाऊन रात्री परतणारी ही माणसे. त्यांची मुले दिवसभर शाळा, रिक्षा, शिकवणी आणि शेजार यांच्या हवाली असतात, आणि अत्याचार करणारा इसम बहुधा या परिचितांपैकीच निघतो. अशा वेळी "मुलीचे नाव खराब होईल, आपसांत मिटवा" असा सल्ला देणारे वस्तीत पुष्कळ भेटतात. मुलग्याच्या बाबतीत तर त्याचे म्हणणे ऐकूनही घेतले जात नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत अत्याचार सोसल्याचे सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

रुळांवर हजारो उभे राहिले. त्या पालकांबरोबर ठाण्यात पहिल्या तासाला कायदा जाणणारी पाच माणसे असती तर अंमलदाराला टोलवाटोलवी करणे इतके सोपे गेले नसते. म्हणून माझी विनंती आहे की उल्हासनगरच्या प्रत्येक कॅम्पात, प्रत्येक चाळीत व गृहसंकुलात अशी चार-पाच स्त्री-पुरुषांची मंडळी आजच ठरवा. मार्च 2022 च्या शासननिर्णयानुसार शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समिती असावयास हवी. मुख्याध्यापकांकडे जाऊन तिच्या सभासदांची नावे विचारा. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा दूरध्वनी क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या, आणि शेजारचे कोणी पालक फिर्याद द्यावयास निघाले तर ती लिहून होईपर्यंत त्यांच्याबरोबर बसा.