पहिला जबाब जपा

आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

भोर-वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवरून, एसटीच्या मोजक्या फेऱ्यांवर भिस्त ठेवून तुम्ही शिकलात. तुमचं मनापासून अभिनंदन! उद्या तुमच्यातलं कोणी वकील होईल, कोणी पोलीस पाटील, कोणी पत्रकार. शिवाय शिकलेलं माणूस म्हणून पंचनाम्याला, अर्ज लिहायला गाव तुम्हालाच हाक मारेल. म्हणून आज मी साक्षीबद्दल बोलणार आहे.

‘मी डोळ्यांनी पाहिलं’ असं सांगणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. पण घटनेनंतर कानावर पडलेलं त्याच्या आठवणीत मिसळतं आणि त्यातलं पाहिलेलं कोणतं, ऐकलेलं कोणतं, हे त्याचं त्यालाही निवडता येत नाही.

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १५० विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. ५० जणांना विचारलं, गाड्या आदळल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना हाच प्रश्न ‘चक्काचूर’ सुचवणाऱ्या जोरकस शब्दात विचारला. बाकीच्यांना वेगाचं विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी पहिल्या गटातले ७ जण ‘हो’ म्हणाले आणि दुसऱ्या गटातले १६. एका शब्दाने एवढा फरक पडला!

आता वरंधा घाटातलं वळण डोळ्यांसमोर आणा. गाडी उलटते, गर्दी जमते, कोणी म्हणतं, ‘ड्रायव्हर प्यायलेला होता.’ संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर होतं. तिसऱ्या दिवशी जबाब देणाऱ्याला दारूचा वास आल्याचं खरोखर आठवू लागतं.

पहिलं सांगणं बाजूला पडलं तर काय होतं, हे नाशिकच्या एका खटल्यात दिसलं. २००३ च्या जून महिन्यात दरोडेखोरांनी एका घरात पाच जणांची हत्या केली. वाचलेल्या महिलेने दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या फोटोंतून चौघांना ओळखलं. त्या चौघांचा तपास झालाच नाही. खटला चालला तो भटक्या समाजातल्या वेगळ्याच सहा जणांवर. पुढे त्यांची ओळख पटल्याचं सांगितलं गेलं, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर जवळजवळ सोळा वर्षं उलटली होती. हत्या झालेल्यांच्या कुटुंबालाही तोवर न्याय मिळाला नव्हता.

न्यायालयात सूचक प्रश्नाला वकील हरकत घेऊ शकतो. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, त्याच्या कितीतरी आधी चावडीवर, दवाखान्यात, पारावर त्याला शंभर प्रश्न विचारून झालेले असतात. तिथे हरकत घ्यायला कोणी नसतं. तिथे तुम्ही असणार आहात.

म्हणून साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळं बसवा. ‘तो लाल शर्टवाला होता ना?’ असं विचारू नका, ‘काय पाहिलंत?’ एवढंच विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. त्याचं पहिलं सांगणं त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. ‘आठवत नाही’ म्हणाला, तर तेही तसंच लिहा. रिकामी जागा आपल्या अंदाजाने भरू नका. आणि न पाहिलेलं पुढे पाठवू नका.

आजच्या पदवीने तुमच्या शब्दाला गावात वजन आलं आहे. त्या वजनाखाली कोणा निरपराधाचं आयुष्य चिरडू देऊ नका.