दहावीपुढील दोन वर्षें व शिष्यवृत्तीचा पैसा
(पालकांच्या सभेंत दिलेलें भाषण)



दहावीचा निकाल लागला कीं गांवांत पेढे वाटले जातात. पण तोंडची गोडी जाते न जाते तोंच घरांत प्रश्न उभा राहतो : तालुक्याच्या कॉलेजांत अकरावी-बारावीचीं दोन वर्षें निभावायचीं कशीं? पोर अडतें तें फीपेक्षां खोलीचें भाडें, खानावळ, एस.टी.चा पास व पुस्तकें यांपाशीं. मग बाप म्हणतो, "राहूं दे, औताला हात लागेल." मुलगी असली तर एवढीहि चर्चा होत नाहीं. आम्ही शिक्षक हें दरसाल पाहतों, म्हणून स्पष्ट बोलतों.

शिष्यवृत्ति ही भीक नव्हे. तुम्ही साबणाची वडी घेतां त्यांतहि कर असतो. त्याच करांतून हा पैसा येतो. शिष्यवृत्त्या निव्वळ चढाओढीनें वाटल्यास मागासलेल्या वर्गांत विद्या पसरणार नाहीं, हें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला लेखी कळविलें होतें. खेड्यांतील मुलाची अडचण राहण्या-जेवणाची आहे हें ओळखून राजर्षि शाहूंनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभीं केलीं.

आतां काय मिळतें तें ऐका. आठवींत एन.एम.एम.एस. परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या वा अनुदानित शाळेंतील, ज्याच्या आईबापांचें उत्पन्न साडेतीन लाखांपलीकडे नाहीं असें कोणत्याहि जातीचें मूल तिला बसूं शकतें. निवड झाली व पुढें गुण राखले, तर नववी ते बारावी सालीना १२,००० रुपये मिळतात. दुसरी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति : ती अनुसूचित जाति-जमाति, भटके-विमुक्त व इतर मागासवर्ग यांस अकरावीपासून आहे; सुतार, लोहार, कुंभार यांनीं हें ध्यानांत घ्यावें. तिसरें सरकारी वसतिगृह. तेथें जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध मुलांस, अटींत बसल्यास, स्वाधार योजनेंतून राहण्या-जेवणाची रक्कम थेट खात्यांत मिळते.

मग पैसा हातीं कां येत नाहीं? बहुधा कागदांमुळें. जातीचा दाखला निकालानंतर काढूं म्हणतां, तोंवर मुदत सरते. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो. बँकेचें खातें आधारला जोडलेलें नसतें, म्हणून मंजूर रक्कमहि अडते. महाडीबीटीवर अर्ज भरला कीं काम झालें असें समजूं नका. तो कॉलेजनें पुढें पाठविला कीं त्रुटि दाखवून परत केला, हें आठवड्यानें पाहत चला. बारावींत गेल्यावर अर्जाचें नूतनीकरण करावें लागतें; तें विसरलें कीं दुसऱ्या वर्षाची रक्कम बुडते. कोणी दलाल "मंजूर करून देतों" म्हणून हजार-पांचशें मागेल, त्यास दारांतूनच वाटेला लावा.

म्हणून आमची विनंति एवढीच : मूल नववींत असतांनाच जातीचा दाखला व बँकेचें खातें करून ठेवा; उत्पन्नाचा दाखला त्या-त्या वर्षीं वेळेवर काढा. सावकाराच्या ओट्यावर जाण्यापूर्वीं तहशील कचेरीची पायरी चढा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं लाजूं नये; शाळा सुटल्यावर आम्ही तासभर बसतों, कागद घेऊन या. आणि मुलीचे कागद मुलाच्या कागदांबरोबरच आणा, मागाहून नव्हे.